सीआरआरटीवरच्या रुग्णाला अँटिबायोटिक किती द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीआरआरटी (कन्टिन्युअस रीनल रिप्लेसमेंट थेरपी) म्हणजे किडनी बंद पडलेल्या गंभीर रुग्णाचं रक्त चोवीस तास संथपणे गाळणारं मशीन. आयसीयूत काम करणारे निवासी डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. सगळे आकडे प्रौढ रुग्णांचे आहेत आणि सुरुवात करण्यापुरते आहेत. अंतिम डोस रुग्ण, जंतू आणि युनिटचा प्रोटोकॉल बघूनच ठरतो. रुग्णाच्या नातेवाइकांसाठी शेवटाकडे एक वेगळा प्रश्न घेतला आहे.

सीआरआरटी म्हणजे सावकाश चालणारं डायलिसिसच ना? मग डोसचा वेगळा विचार कशाला?

नेहमीचं हिमोडायलिसिस साधारण चार तास चालतं, आठवड्यातून तीनदा. त्या चार तासांत औषध झपाट्याने निघून जातं आणि पुढचे दीड-दोन दिवस जवळपास निघतच नाही. सीआरआरटीत रक्तदाब सांभाळत चोवीस तास संथ गाळण सुरू असतं. वेग कमी, पण खंड नाही. ७० किलोच्या रुग्णाला दर किलोमागे तासाला २५ मिली इफ्लुएंट (फिल्टरमधून बाहेर पडणारा द्रव) ठेवला तर तासाचे १७५० मिली होतात, म्हणजे मिनिटाला सुमारे २९ मिली. लघवीचा थेंब नसलेल्या माणसाला मशीनने मिनिटाला तीसेक मिलीची किडनी उसनी दिलेली असते.

आता डोसच्या तक्त्यात 'क्लिअरन्स १० पेक्षा कमी' (क्लिअरन्स म्हणजे मिनिटाला किती मिली रक्त साफ होतं) हा रकाना बघून डोस लिहिला तर तो कमी पडणार. 'हिमोडायलिसिस' हा रकाना बघितला तर वेळेचं गणितच चुकणार. फाइलवर 'एकेआय, रीनल डोस' (किडनी अचानक बिघडली, किडनीनुसार डोस) एवढंच लिहिलेलं दिसलं की मला धास्ती वाटते. कुठली किडनी धरून, रुग्णाची की मशीनची, हे त्यात कुणी सांगितलेलंच नसतं.

मशीनच्या पडद्यावर नेमकं काय बघायचं?

सगळ्यात आधी इफ्लुएंटचा वेग. डायलिसेट (फिल्टरच्या पडद्यापलीकडून वाहणारा द्रव), रिप्लेसमेंट द्रव (रक्तात मिसळला जाणारा) आणि रुग्णाच्या अंगातून काढलेलं निव्वळ पाणी या तिघांची बेरीज म्हणजे इफ्लुएंट. आता मशीनचे मोड. सीव्हीव्हीएचमध्ये दाबाने पाणी खेचलं जातं आणि त्याबरोबर औषध वाहून जातं. सीव्हीव्हीएचडीमध्ये औषध डायलिसेटमध्ये पाझरतं. सीव्हीव्हीएचडीएफमध्ये दोन्ही होतं. अँटिबायोटिकचे रेणू लहान असतात, व्हँकोमायसिनसारखा मोठा रेणूही सुमारे १४५० डाल्टनचाच. त्यामुळे आजच्या हाय-फ्लक्स फिल्टरवर मोड कोणता यापेक्षा इफ्लुएंट किती हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी-गटाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना तासाला २० ते २५ मिली/किलो इफ्लुएंट प्रत्यक्षात 'मिळावा' असं सांगतात. मिळावा या शब्दाकडे लक्ष द्या. मध्ये बंद पडणारा वेळ धरून ऑर्डर सहसा २५ ते ३० ची लिहिली जाते. त्याआधी २००८ ची एटीएन आणि २००९ ची रीनल या दोन मोठ्या चाचण्यांत जास्त वेग ठेवून मृत्यू कमी होत नाहीत हे दिसलं होतं. पहिलीत ३५ विरुद्ध २०, दुसरीत ४० विरुद्ध २५ मिली/किलो/तास अशी तुलना होती.

हा इतिहास डोससाठीही कामाचा आहे. जुन्या शोधनिबंधांतले डोस ज्या इफ्लुएंटवर काढले होते तो आज तुमच्या मशीनवर असेलच असं नाही. डोसचा तक्ता उचलताना तळटीपेत इफ्लुएंट किती होता ते आधी शोधा. तळटीपच नसेल तर तो तक्ता बाजूला ठेवा.

दुसरा आकडा प्री-डायल्युशनचा. रिप्लेसमेंट द्रव फिल्टरच्या आधी मिसळला तर रक्त पातळ होऊन फिल्टरमध्ये शिरतं आणि तेवढंच इफ्लुएंट निघूनही औषध कमी निघतं. ब्लड फ्लो मिनिटाला १५० मिली, म्हणजे तासाला ९००० मिली, आणि प्री-रिप्लेसमेंट तासाला १५०० मिली असेल, तर ९००० भागिले १०५०० म्हणजे ०.८६. क्लिअरन्स सुमारे १४ टक्क्यांनी घटला. रात्रीच्या ड्युटीत एवढं गणित नाही केलं तरी चालेल, पण प्री (फिल्टरआधी) की पोस्ट (फिल्टरनंतर) हे माहीत असावं.

कोणतं औषध फिल्टरमधून जाईल हे कसं ओळखायचं?

दोन गोष्टी विचारा. पहिली, औषध प्रथिनांना किती चिकटतं? अल्ब्युमिन फिल्टरमधून जात नाही, म्हणून त्याला चिकटलेलं औषधही जात नाही. मेरोपेनेम जेमतेम २ टक्के चिकटतं, सेफट्रायॅक्झोन ८५ ते ९५ टक्के. सिव्हिंग कोइफिशंट म्हणून जो आकडा सांगतात तो ढोबळमानाने हाच, मोकळ्या औषधाचा वाटा. एक मेख आहे: गंभीर रुग्णाचा अल्ब्युमिन पडलेला असतो, त्यामुळे मोकळा वाटा पुस्तकापेक्षा जास्त निघतो.

दुसरी, औषध रक्तात राहतं की ऊतींमध्ये जाऊन बसतं? बीटा-लॅक्टम (मेरोपेनेम, सेफेपिम वगैरे), अमायनोग्लायकोसाइड (अमायकासिन वगैरे), व्हँकोमायसिन ही पाण्यात विरघळणारी मंडळी रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात राहतात, म्हणून मशीनच्या हाती लागतात. टायगेसायक्लीन, डॉक्सिसायक्लीन, अझिथ्रोमायसिन ऊतींत पसरतात. मशीनने रक्तातलं काढलं तरी साठा बाहेरच असतो.

मग ठोकताळा असा: एकूण क्लिअरन्सपैकी २५ टक्क्यांहून जास्त वाटा मशीनचा असेल तर डोस ठरवताना मशीन धरायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

किडनी बंद आहे, मग पहिला डोस तरी कमी करायचा ना?

नाही.

पहिला डोस ठरतो औषधाला किती जागा भरायची आहे त्यावरून. ते किती वेगाने बाहेर पडणार याचा त्याच्याशी संबंध नाही. सेप्सिसच्या रुग्णाला लिटरच्या लिटर सलाइन गेलेलं असतं, केशवाहिन्या गळत असतात, अंगावर सूज असते. पाण्यात विरघळणाऱ्या औषधासाठी ही जागा निरोगी माणसापेक्षा बरीच मोठी असते. म्हणजे पहिला डोस उलट जास्त लागू शकतो. व्हँकोमायसिन २० ते २५ मिग्रॅ/किलो, अमायकासिन २५ मिग्रॅ/किलोच्या आसपास, कोलिस्टिन ९० लाख युनिट, बीटा-लॅक्टमचा पूर्ण डोस. क्रिएटिनिन कितीही असो.

एकेआयच्या रुग्णांत सर्वांत नुकसान करणारी सवय कोणती असं मला विचाराल तर मी लोडिंग डोस, म्हणजे हा पहिला मोठा डोस, कापणं हीच सांगेन. ज्या तासांत जंतूंची संख्या सर्वांत जास्त असते त्याच तासांत औषध कमी पडतं.

दुसऱ्या डोसपासून कापायला सुरुवात करायची का?

पहिले ४८ तास हात आखडता घेऊ नका, निदान बीटा-लॅक्टमच्या बाबतीत. संसर्गामुळे दाखल झालेल्या आणि येतानाच एकेआय असलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांची किडनी दोन दिवसांत सावरते. बीटा-लॅक्टमची सुरक्षित कक्षा रुंद आहे, म्हणून या काळात थोडं जास्त गेलं तर सहसा निभावतं, कमी गेलं तर निभावत नाही. सेफेपिमला मात्र ही सवलत जपून द्या. ते पुढे येईलच.

शरीराचा स्वतःचा, किडनीव्यतिरिक्तचा क्लिअरन्सही इथे धरावा लागतो. नुकत्याच बिघडलेल्या किडनीच्या रुग्णात यकृत आणि इतर मार्ग अजून बऱ्यापैकी काम करत असतात. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यात तेही मंदावलेले असतात. इमिपेनेमच्या बाबतीत हा फरक स्पष्ट मोजला गेला आहे. म्हणून जुन्या किडनी-रुग्णाचा डोस एकेआयच्या रुग्णाला जशाचा तसा लावू नये.

एकदा हिशेब करून दाखवाल का?

मेरोपेनेम घेऊ. रुग्ण ७० किलोचा, लघवी शून्य, इफ्लुएंट २५ मिली/किलो/तास, पोस्ट-डायल्युशन.

मशीनचा क्लिअरन्स म्हणजे २९ गुणिले सिव्हिंग कोइफिशंट ०.९५, सुमारे २८ मिली/मिनिट. शरीर स्वतः काढतं ते ३२ मिली/मिनिट धरू. बेरीज ६०, म्हणजे तासाला ३.६ लिटर. यात मशीनचा वाटा जवळपास निम्मा, २५ टक्क्यांच्या कितीतरी वर. औषधाने व्यापलेली जागा किलोमागे ०.३५ लिटर धरली तर २४.५ लिटर. हाफ-लाइफ, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, निघते सुमारे ४.७ तास.

आता दोन डोस ताडून बघू. ५०० मिग्रॅ दर १२ तासांनी दिलं तर पुढच्या डोसच्या तोंडावर रक्तातली पातळी साधारण ४ मिग्रॅ/लिटर राहते. १ ग्रॅम दर ८ तासांनी दिलं तर साधारण १८. जंतूची एमआयसी (त्याची वाढ रोखणारी औषधाची किमान पातळी) २ असेल तर दोन्ही डोस एमआयसीच्या वर राहतात, पण गंभीर रुग्णात एमआयसीच्या चौपट पातळी ठेवायची म्हटलं तर ८ लागते आणि ५०० मिग्रॅचा डोस तिथेच गळतो. एमआयसी ८ असेल तर ५०० मिग्रॅचा डोस बारापैकी शेवटचे चारेक तास जंतूला मोकळं रान देतो. आणि कल्चरचा रिपोर्ट यायच्या आधी एमआयसी कुणाला माहीत असते?

याच रुग्णाचा इफ्लुएंट कुणी ४० केला तर १ ग्रॅम दर ८ तासांचा ट्रफ (पुढच्या डोसच्या तोंडावरची पातळी) १८ वरून १२ वर येतो. मशीन बंदच पडलं तर हाफ-लाइफ ४.७ वरून ९ तासांच्या आसपास जाते. डोस तोच, रुग्ण तोच, फक्त मशीनचं बटण फिरलं. ३२ चा आकडा मी धरलेला आहे. खऱ्या रुग्णात तो २० असेल किंवा ५० असेल, म्हणून हा हिशेब दिशा दाखवतो, पातळी मोजण्याची जागा घेत नाही.

नेहमीच्या औषधांचे डोस एका जागी सांगा.

इफ्लुएंट २० ते २५ मिली/किलो/तास धरून, लोडिंग झाल्यानंतरचे, सुरुवातीचे डोस.

मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर ८ तासांनी, आजार गंभीर असेल तर पहिले दोन दिवस दर ६ तासांनी. सेफेपिम २ ग्रॅम दर १२ तासांनी. सेफट्रायॅक्झोनला बदल नाही. ते पित्तावाटेही जातं आणि प्रथिनांनाही घट्ट चिकटतं.

लिनेझोलिड ६०० मिग्रॅ दर १२ तासांनी, बदल नाही, पण प्लेटलेट रोज बघा. लिव्होफ्लॉक्सॅसिन ७५० मिग्रॅ लोडिंग, मग २५० ते ५०० मिग्रॅ रोज. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ४०० मिग्रॅ दर १२ ते २४ तासांनी. मेट्रोनिडॅझोल, डॉक्सिसायक्लीन, टायगेसायक्लीन, अझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, पॉलिमिक्सिन बी: मशीनसाठी बदल नाही. डॅप्टोमायसिनच्या अंतराबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, २४ तास की ४८. जे निवडाल त्यात सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) बघत राहा.

बुरशीवरची औषधं या यादीत नसली तरी विचारली जातातच. एकायनोकॅन्डिन आणि अँफोटेरिसिनला मशीनचा फरक पडत नाही. फ्लुकोनॅझोलला पडतो, आणि तोही अनपेक्षित दिशेने. त्याचं कारण पुढच्या प्रश्नात.

कोलिस्टिनचा डोस सीआरआरटीवर चांगल्या किडनीपेक्षाही जास्त? छापण्यात चूक आहे का?

चूक नाही. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय एकमत-मार्गदर्शिकेत सीआरआरटीसाठी दिवसाला ४४० मिग्रॅ कोलिस्टिन बेस, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख युनिट, दोन भागांत सांगितले आहेत. धडधाकट किडनीला ३६० मिग्रॅ, सुमारे १ कोटी ९ लाख युनिट.

कारण किडनी फक्त गाळत नाही, गाळलेलं परतही घेते. कोलिस्टिन ग्लोमेरुलसमधून, म्हणजे किडनीच्या गाळणीतून, खाली उतरतं आणि नलिकांमधून बहुतांश पुन्हा रक्तात शोषलं जातं. फिल्टरला नलिका नसतात. जे गेलं ते इफ्लुएंटच्या पिशवीत गेलं. शिवाय आपण देतो ते कोलिस्टिमेथेट, त्याचं शरीरात कोलिस्टिन होतं, आणि मशीन दोन्ही काढतं. फ्लुकोनॅझोलचंही असंच. नलिका त्याचा मोठा भाग परत घेतात, फिल्टर घेत नाही. म्हणून सीआरआरटीवर ८०० मिग्रॅ लोडिंग देऊन रोज ४०० ते ८०० मिग्रॅ लागतं. 'किडनी फेल आहे' म्हणून २०० वर आणणं म्हणजे कॅन्डिडा बुरशीला मोकळीक देणं.

कोलिस्टिनचे एकक बघून घ्या, हात जोडून विनंती. १० लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमेथेटचे ८० मिग्रॅ, आणि कोलिस्टिन बेसचे सुमारे ३३ मिग्रॅ. 'मिग्रॅ' एवढंच लिहिलं की दोघांपैकी कुठलं हे वाचणाऱ्याच्या नशिबावर. ऑर्डर युनिटमध्येच लिहा.

व्हँकोमायसिनचं काय?

सीआरआरटीच्या बाबतीत २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत सरळ आकडे आहेत, ही सोयीची गोष्ट. लोडिंग २० ते २५ मिग्रॅ/किलो, प्रत्यक्ष वजनावर. मग ७.५ ते १० मिग्रॅ/किलो दर १२ तासांनी. ८० किलोच्या माणसाला १६०० ते २००० मिग्रॅ, आणि नंतर ६०० ते ८००.

पण हे सुरुवातीचे आहेत. लक्ष्य २४ तासांची एयूसी (दिवसभरात रक्ताला मिळालेल्या औषधाचं एकूण माप) ४०० ते ६०० मध्ये ठेवणं. १५ ते २० ट्रफचा जुना नियम त्याच मार्गदर्शिकेने मागे टाकला. पहिली लेव्हल २४ तासांच्या आत पाठवा. सलग इन्फ्युजन लावत असाल तर काम सोपं होतं: रक्तातली पातळी २० ते २५ असली की गुणिले २४, एयूसी ४८० ते ६००. नमुना कधीही घ्या, हिशेब तोच. सीआरआरटीवर मला ही पद्धत आवडते, कारण मशीन अर्ध्यावर थांबलं तरी आकडा वाचता येतो.

आणि अमायकासिन?

एक मोठा डोस द्या, मग लेव्हल बघूनच दुसरा. ट्रफ ५ मिग्रॅ/लिटरच्या खाली गेल्याशिवाय पुढचा डोस नको. बहुतेकदा त्याला ३६ ते ४८ तास लागतात. 'दर २४ तासांनी' असं आधीच लिहून ठेवू नका.

रात्री फिल्टर क्लॉट झाला. पुढचा डोस द्यायचा का?

लेखी प्रोटोकॉलमध्ये याचं उत्तर सापडत नाही, आणि रोज लागतं तर हेच.

फिल्टर क्लॉट होतो, रुग्ण सीटीला जातो, ऑपरेशन थिएटरला जातो, कॅथेटरचा प्रवाह नीट येत नाही. ठरवलेल्यापैकी बराच भाग प्रत्यक्षात मिळतच नाही. चार्टवर '२५ मिली/किलो' लिहिलेलं आहे म्हणून २५ मिळालं असं धरू नका. मशीनच्या हिस्टरीत गेल्या २४ तासांचा एकूण इफ्लुएंट असतो, तो वाचा. ७० किलोच्या रुग्णात ४२ लिटर अपेक्षित आणि निघाले ३० लिटर, तर खरा वेग १८ च्या आत आहे.

मशीन दोन-तीन तास थांबलं तर बीटा-लॅक्टमचा डोस वेळेवर द्या, काही बदलू नका. सहा-आठ तासांहून जास्त थांबणार असेल, किंवा केव्हा सुरू होईल ते ठाऊकच नसेल, तर पुढचा डोस लांबवायचा की कमी करायचा हे त्या औषधाच्या विषारीपणावर ठरवा. मेरोपेनेम देऊन टाका. सेफेपिमचा पुढचा डोस देण्याआधी वरिष्ठांना फोन करा. अमायकासिन आणि व्हँकोमायसिन लेव्हल पाहून.

आणि हा निर्णय डॉक्टरपर्यंत पोहोचायला सिस्टरने 'मशीन थांबलं' हे डोसच्या चार्टवर लिहिलेलं असावं. फक्त डायलिसिसच्या चार्टवर लिहिलं तर ते सकाळपर्यंत कुणी वाचत नाही.

क्रिएटिनिन ४.५ वरून १.३ वर आलं. आता क्लिअरन्स काढून डोस ठरवू का?

नको. ते क्रिएटिनिन मशीनने काढलं, किडनीने नाही. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट असो वा ईजीएफआर, ही सूत्रं क्रिएटिनिन स्थिर आहे आणि ते किडनीच काढते हे गृहीत धरतात. सीआरआरटीवर यातलं एकही खरं नसतं. ॲपमध्ये ते १.३ टाकलं तर तोही गुपचूप एक आकडा देईल. त्यावर विश्वास ठेवू नका.

मग लघवी सुरू झाली तर कसं कळणार?

लघवीच मोजा. दिवसाला १०० मिलीच्या आत असेल तर धरू नका. ४००-५०० मिलीच्या वर गेली की किडनीचा वाटा मशीनच्या वाट्यात मिळवावा लागतो, आणि तो किती आहे हे लघवी गोळा करून क्रिएटिनिन मोजून काढता येतं. डाययुरेटिकने वाढलेल्या लघवीत मात्र पाणी जास्त असतं, क्लिअरन्स तेवढा नसतो.

एक्सटेंडेड इन्फ्युजन देणं योग्य आहे का?

बीटा-लॅक्टममध्ये महत्त्व आहे ते मोकळी पातळी एमआयसीच्या वर किती वेळ राहते याला. तोच डोस अर्ध्या तासाऐवजी तीन-चार तासांत दिला तर हा वेळ वाढतो. २०२४ ला प्रसिद्ध झालेल्या ब्लिंग-३ चाचणीत सात हजारांहून जास्त सेप्सिसच्या रुग्णांत सलग आणि खंडित इन्फ्युजनची तुलना झाली. ९० दिवसांतले मृत्यू २४.९ विरुद्ध २६.८ टक्के, सांख्यिकी निकषावर फरक सिद्ध झाला नाही. पण त्याच वर्षीच्या मेटा-ॲनालिसिसमध्ये सगळ्या चाचण्या एकत्र केल्यावर सलग इन्फ्युजनच्या बाजूने फायदा दिसला.

माझं मत: सीआरआरटीवर एमआयसी जास्त असलेल्या जंतूसाठी नक्की द्या. दोन अटींवर. लोडिंग डोस पटकन, आधी. आणि मेरोपेनेम खोलीच्या तापमानाला फार वेळ टिकत नाही, म्हणून २४ तासांची एकच सिरिंज भरून ठेवू नका. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमला ही अडचण नाही.

औषध कोणत्या लाइनमधून द्यायचं?

डायलिसिस कॅथेटरमधून नाही. सेंट्रल लाइन आणि डायलिसिस कॅथेटर एकाच बाजूला, टोकं जवळजवळ असतील तर दिलेलं औषध लगेच सर्किटमध्ये खेचलं जाऊ शकतं. शक्य असेल तर दुसऱ्या बाजूची लाइन वापरा. लेव्हलचा नमुना आर्टेरिअल लाइनमधून घ्या. औषध ज्या लाइनमधून गेलं तिथून नाही, आणि सर्किटच्या फिल्टरनंतरच्या पोर्टमधूनही नाही.

सायट्रेट लावलं तर डोस बदलतो का?

सर्किटमधलं रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट लावतात. त्यामुळे थेट नाही. पण सायट्रेटचा द्रव फिल्टरआधी जातो, म्हणजे ते प्री-डायल्युशनच झालं. दुसऱ्या बाजूने फिल्टर जास्त टिकतो, म्हणजे बंद वेळ कमी. एकंदरीत सर्किट नेमाने चालतं, आणि डोससाठी नेमाने चालणारं सर्किट केव्हाही बरं.

काही फिल्टर औषध शोषून घेतात म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. एएन६९ जातीच्या मेम्ब्रेनला अमायनोग्लायकोसाइड आणि कोलिस्टिन चिकटतात. सायटोकाइन शोषणारी कार्ट्रिज वेगळी जोडलेली असेल तर तिथे आणखी औषध अडकतं. नवा फिल्टर लावल्यावर पहिले काही तास हे जास्त होतं, मग पृष्ठभाग भरतो. दिवसाला दोनदा फिल्टर बदलावा लागणाऱ्या रुग्णात हे लक्षात ठेवा.

लेव्हल सगळ्यांच्या पाठवायच्या का?

व्हँकोमायसिन आणि अमायनोग्लायकोसाइडच्या, हो, नेहमी. बीटा-लॅक्टमच्या लेव्हल मोजण्याची सोय असेल तर सीआरआरटीवरचा रुग्ण यादीत पहिला हवा. १४ देशांतल्या २९ आयसीयूंमध्ये किडनी रिप्लेसमेंटवरच्या ३८१ रुग्णांत मेरोपेनेम, पिपरॅसिलिन आणि व्हँकोमायसिनच्या पातळ्या मोजल्या गेल्या, तेव्हा लिहिलेले डोस आणि मिळालेल्या पातळ्या दोन्हींत प्रचंड तफावत आढळली. सोय नसेल तर मशीनच्या आकड्यांवरून वरच्यासारखा हिशेब करणं आणि विषबाधेची लक्षणं शोधत राहणं, एवढं हातात उरतं.

जास्त झालं हे रुग्णाकडे बघून कळतं का?

सेफेपिममध्ये कळू शकतं, जर कुणी बघितलं तर. सेडेशन थांबवून दीड दिवस झाला, रुग्ण डोळे उघडत नाही, हाताला झटके येतात, बोटं फडफडतात. सगळे 'सेप्टिक एन्सेफॅलोपथी' (संसर्गामुळे मेंदूवर झालेला परिणाम) म्हणतात. ट्रफ २० मिग्रॅ/लिटरच्या वर गेला की हा धोका वाढतो. ईईजी करा, त्यात झटक्यांशिवायचा स्टेटस, म्हणजे बाहेरून न दिसणारं पण सतत चालू असलेलं फेफरं, सापडू शकतो. औषध बदललं की दोन-तीन दिवसांत रुग्ण शुद्धीवर येतो. इमिपेनेमनेही फेफरं येतात. लिनेझोलिडमध्ये प्लेटलेट घसरतात. हेपॅरिन, सेप्सिस, फिल्टर अशी तिघंचौघं आरोपी आधीच उभी असल्याने लिनेझोलिड नजरेतून सुटतं.

स्लेडवर हेच डोस चालतील का?

नाही. स्लेड (लांबवलेलं, संथ डायलिसिस) ६ ते १२ तास चालतं आणि त्या वेळेत सीआरआरटीपेक्षा जास्त वेगाने औषध काढतं, मग थांबतं. इथे घड्याळ महत्त्वाचं: दिवसातून एकदा द्यायचं औषध स्लेड संपल्यावर द्या, आणि दर ८ तासांचा बीटा-लॅक्टम असेल तर एक डोस स्लेड संपण्याच्या वेळेशी जुळवा. सेशन दुपारचा रात्री ढकलला तर डोसची वेळही ढकला. फार्मसीला कळवलं नाही तर औषध सेशनच्या सुरुवातीला जातं आणि वाया जातं.

आमच्या बाबांच्या किडन्या बंद आहेत, तरी डॉक्टर एवढं मोठं अँटिबायोटिक देत आहेत. किडनीला अजून त्रास होणार नाही का?

काळजी वाटणं साहजिक आहे. बाबांच्या किडनीचं काम सध्या मशीन चोवीस तास करत आहे आणि ते करताना औषधही बाहेर काढत आहे. डोस कमी ठेवला तर संसर्ग आटोक्यात येत नाही, आणि संसर्ग चालू राहणं हे किडनी न सावरण्याचं मोठं कारण असतं. काही औषधं किडनीला त्रासदायक असतात हे खरं, त्यांची रक्तातली पातळी तपासली जाते. तुम्ही डॉक्टरांना खुशाल विचारा, 'या औषधाची लेव्हल बघता का?' आणि बाबांना आधी कधी औषधाची ॲलर्जी किंवा फेफरं आलं असेल तर ते न विसरता सांगा.

सीआरआरटी बंद करून साध्या डायलिसिसवर न्यायचं ठरलं. डोसचं काय करायचं?

मशीन काढण्याच्या ऑर्डरबरोबरच अँटिबायोटिकची ऑर्डरही नव्याने लिहा. रुग्ण वॉर्डात गेल्यावर कोलिस्टिन १ कोटी ३० लाख आणि मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी तसंच चालू राहिलेलं दिसतं, कारण ऑर्डर शीटवर मशीनचा उल्लेखच नव्हता. त्यासाठी ऑर्डर लिहितानाच डोसपुढे 'सीआरआरटी चालू असेपर्यंत, इफ्लुएंट इतका' असं टाकत जा. किडनी सावरत असेल तर लघवी आणि मशीन काढल्यानंतरच्या २४ तासांतला क्रिएटिनिनचा कल बघून डोस ठरवा. सावरत नसेल तर डायलिसिसच्या दिवशीचे डोस सेशननंतरच्या वेळेला बांधा.